पोटाचा सांधा

पांढऱ्या फडक्याखाली दोन तुकडे होते आणि त्या दोन तुकड्यांभोवती सगळं घर उभं होतं.

कारखान्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. पंखा बंद, खिडक्या बंद. वेल्डिंगच्या वेळी वाऱ्याची झुळूकही आत येऊ द्यायची नाही, ही इथली रीतच होती. पण आज अजून कुणी वेल्डिंगचा टॉर्च हातात घेतला नव्हता, तरी सगळे श्वास जपूनच घेत होते. मधल्या स्टँडवर सायकलची चौकट अडकवलेली होती. चार ठिकाणी टाके मारून उभी केलेली, उघड्या हाताचं बोट लागू नये म्हणून कापडात गुंडाळलेली. फक्त एकच जागा उघडी होती: जिथं सायकलीच्या सगळ्या नळ्या खाली एकत्र येतात आणि पेडलांचा आस बसतो, ती. आजोबांच्या काळापासून या घरात त्या जागेला 'पोट' म्हणत. बाकीचे सांधे कुणीही घालावेत, पोट घालायचं ते कारखान्याच्या मुख्य माणसानं. आजोबांनी लोखंडी चौकटींची पोटं घातली, बाबांनी टायटॅनियमची. आता बाबांच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच वेगळं कळत होतं, आणि आज ते आपलं स्टूल सोडणार होते.

टायटॅनियमचं एक बरं असतं, ते पाप फार वेळ लपवत नाही. गरम असताना हवा लागली की सांधा पिवळा पडतो, निळा पडतो, आंधळ्यालाही कोणीतरी सांगतं. माणसाचं तसं नसतं. बाबांच्या थोरल्या मुलाला गेले कित्येक महिने वारा लागलेला होता, आणि तोंड मात्र चांदीसारखं लख्ख होतं.

"थोरल्यानं आणि धाकटीनं आपापल्या सांध्याचा तुकडा दिलाय ना?" बाबांनी विचारलं.

"दिलाय, दिलाय," आत्या म्हणाली. ती बाबांची धाकटी बहीण. चाकांच्या तारा ओढण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि माणसांतही कुठली तार सैल आहे, कुठली तुटायला आलीय, हे तिला हात न लावता कळायचं. "कुठला कुणाचा ते मलाही ठाऊक नाही. वर मी अदलाबदल केलीय. आता काय ते तुझा अंगठा जाणे आणि देव जाणे."

"अंगठ्याला कसली परीक्षा देताय, बाबा," थोरली म्हणाली. थोरल्याची बायको नळ्या कापायची. तिच्या हातची नळी दुसऱ्या नळीवर अशी बसायची की मधून केस जाऊ नये. "इतकी वर्षं राबला तो माणूस. लग्नाआधी सांध्यात वितळवायची काडी कशी धरतात हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्याबरोबर अशा माणसाला रांगेत उभं करायचं म्हणजे..."

"वहिनी, काडी धरायला पत्रिका लागत नाही," धाकटा म्हणाला. तो वेल्डिंगच्या वाटेला गेलाच नव्हता. तयार चौकट सरळ आहे की नाही हे लोखंडी पाटावर तपासणं हे त्याचं काम. "हात लागतो."

"हो ना, बायकोचा हात पुढं करायचा आणि आपण पाटावर बसायचं. बरं आहे."

धाकट्याची बायको, धाकटी, थोरल्यासारखीच वेल्डिंग करायची. ती आर्गॉनच्या, म्हणजे तापल्या सांध्याला हवा लागू न देणाऱ्या वायूच्या, सिलिंडरजवळ उभी होती, हातमोजे घातलेली, नजर फडक्यावर. थोरल्यानं तिच्याकडं न बघता तिला बघितलं. ही विद्या त्याला आता चांगली साधली होती. शेजारच्या बाकावर ती काम करत असली की आपल्या कामावर मान घालून तो तिचं मनगट बघत असे.

याला सुरुवात झाली ती बाबांच्याच अंगठ्यामुळं. तयार चौकटींच्या सांध्यांवरून बाबा रोज अंगठा फिरवत. थोरल्याचा सांधा आला की अंगठा सर्रकन पुढं जायचा, जसा रोजच्या रस्त्यावरून माणूस इकडंतिकडं न बघता चालतो. आणि धाकटीचा आला की थांबायचा. मागं यायचा. पुन्हा जायचा. तान्ह्या लेकराच्या गालावरून फिरावा तसा. थोरल्याच्या सांध्यावर वितळून निवलेल्या धातूच्या लहरी बारीक, दाट, दबलेल्या. धाकटीच्या रुंद, उघड्या, माशाच्या खवल्यांसारख्या. हे नुसतं लहरींचं प्रकरण असतं तर एकवेळ चाललं असतं. पण एकदा बाबा त्याच्याजवळ बसून हळूच म्हणाले होते, "धाकटीच्या हाताला देवानं ताल दिलाय रे. असला ताल शिकवून येत नाही." तो "हो" म्हणाला होता. त्या एका 'हो'नं त्याची जीभ अशी पोळली की जेवणाची चव गेली.

मत्सर मोठा कष्टाळू असतो हो. प्रेमानं माणूस जेवढं शिकत नाही तेवढं जळफळाटानं शिकतो. सगळे जेवायला घरात गेले की थोरला टाकाऊ नळ्या घेऊन बसायचा. तिचा ताल, तिची काडी टेकवण्याची लकब, आच कमी-जास्त करणाऱ्या पायाखालच्या कळीवरचा तिचा दाब, दोनदा हलका आणि एकदा विसावा, सगळं त्यानं स्वतःच्या हातापायांत ओतून घेतलं. ताल शिकवून येत नाही म्हणता? चोरून येतो. फडक्याखाली त्यानं जो तुकडा दिला होता त्याच्यावर त्याची एकही लहर नव्हती. दोन्ही तुकडे सारखेच देखणे लागले, की बाबांना निवड करता येणार नाही. आणि निवड अडली की मोठेपणाला मान. असा साधा, सरळ हिशेब.

आत्यानं फडकं उचललं आणि पहिला तुकडा बाबांच्या हातात दिला.

बाबांचा अंगठा निघाला. थांबला. मागं आला. थोरल्यानं ओळखलं, हा आपला. त्याच्या छातीत काहीतरी मोराच्या पिसाऱ्यासारखं उघडलं. शेवटी! म्हाताऱ्याचा अंगठा त्याच्या सांध्यावर थांबला होता.

"हा धाकटीचा," बाबा म्हणाले.

ठीक. हेही धरून चाललेलंच होतं. त्यानं धाकटीकडं पाहिलं. तिचा चेहरा एकदम पांढरा पडलेला होता. त्याला वाटलं, कौतुकानं.

आत्यानं दुसरा तुकडा दिला. बाबांचा अंगठा त्यावरून सर्रकन गेला. ना थांबला, ना वळला. बाबांनी तुकडा मांडीवर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून हसले.

"आणि हा थोरल्याचा. याला काय बघायचं? पोट हाच घालेल."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. सगळ्यांत कमी थोरल्याला. मग थोरलीनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो भानावर आला.

"ठरलेलंच होतं हे," धाकटा म्हणाला. "मग ती परीक्षा कशाला, बाबा? तमाशाला?"

"भाऊजी, हरलं की सगळ्यांनाच तमाशा वाटतो," थोरलीचा आवाज अगदी साखरेत घोळलेला होता. ती धाकटीकडं वळली. "मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझं वयच काय. अजून पुष्कळ पोटं यायचीत."

"हो, जाऊबाई," धाकटी म्हणाली. एवढंच.

थोरला त्या दुसऱ्या तुकड्याकडं बघत होता. बाबांच्या बोटांमधून दिसत होता तेवढाच. बारीक, दाट, दबलेल्या लहरी. त्याच्याच. हुबेहूब. फक्त त्यानं घातलेल्या नव्हत्या.

मग डोक्यात दिवा पेटला आणि पाठोपाठ अंधारच झाला. धाकटीनं त्याची नक्कल केली होती! तो तिच्या मनगटावर डोळा ठेवून बसला होता, तेव्हा ती त्याच्या मनगटावर ठेवून बसली होती. आणि बाबांना हवा होता तो त्याचाच जुना, साधा, न थांबायला लावणारा सांधा. घरात पुरलेलं सोडून तो गावभर उकरत हिंडला, आणि ते घरातलं हिनं काढून नेलं.

बोलावं की गप्प बसावं? ती बोलत नव्हती. ती बोलणारच नव्हती. बोलली तर चोरी तिचीही उघडी पडत होती. आणि स्टूल तर त्यालाच मिळत होतं. सुंठीवाचून खोकला जात होता. गप्प बसायला काय लागतं? काही लागत नाही. तो गप्प बसला.

"बस," बाबा म्हणाले आणि उठून बाजूला झाले. स्टुलाची बैठक झिजून मध्ये खोलगट झाली होती, बाबांच्या बैठकीच्या आकाराची. थोरला तिच्यात बसला. ती त्याला जरा मोठी झाली.

थोरलीनं मुखवटा दिला. धाकटीनं चौकटीच्या आतला आर्गॉन सोडला. नळ्यांच्या पोकळीतली हवा हळूहळू बाहेर निघाली, कारण सांधा बाहेरून जपावा लागतो तसाच आतूनही. आतून हवा लागलेला सांधा बाहेरून छान दिसतो आणि एखाद्या उतारावर दगा देतो. ही चौकट ज्या बाईंची होती, त्या एकट्यानं देशोदेशींचे घाट उतरत. बाबांच्या सांध्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं.

"आत भरला," धाकटी म्हणाली. गेल्या पाऊण तासात 'हो, जाऊबाई' सोडून तिचं हे पहिलंच वाक्य.

"पहिली फेरी काडीशिवाय," बाबा म्हणाले. "सावकाश."

थोरल्यानं मुखवटा खाली घेतला. जग हिरवं, काळं झालं. त्यानं पायाखालची कळ दाबली, ठिणगी पेटली, आणि चकाकत्या पाण्यासारखा तो वितळलेला छोटासा थेंब धातूवर उभा राहिला, जो बघत त्याचं आयुष्य गेलं होतं. थेंब पुढं सरकला. आणि त्याच वेळी त्याला ऐकू आलं. कळीची जुनी स्प्रिंग कुरकुरत होती. दोनदा हलकी, एकदा विसावा. दोनदा हलकी, एकदा विसावा.

पाय त्याचा होता. ताल तिचा होता.

त्यानं पाय सावरला; आपला जुना, एकसारखा दाब आठवून बघितला. थेंब डळमळला. पुन्हा तिचा ताल धरला. थेंब स्थिर झाला. म्हणजे आपल्या घरचा रस्ता पाय विसरले होते! बोटभर सांधा झाला असेल नसेल, त्यानं कळ सोडली. ठिणगी विझली.

आता या कामाचा एक नियम असा की ठिणगी विझली तरी हात उचलायचा नाही. धातू तापलेला असतो. टॉर्चमधला आर्गॉन त्याच्यावर फुंकर घालत राहतो. तो निवेपर्यंत हात तसाच, मूर्तीसारखा, त्याच जागी धरून ठेवायचा. आग लागो, भांडण लागो. लाज वाटली म्हणून उठून जाता येत नाही. थोरला तसाच बसून राहिला, वाकलेला, मुखवट्याच्या आत, आणि वायूची ती हिस्स ऐकू येत होती. सगळं घर मागं उभं. जायला जागा नाही.

"का थांबलास?" बाबांनी विचारलं. "आणि हे पाऊल कुणाचं वाजत होतं?"

"बाबा," मुखवट्याच्या आतून त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा आला, "तो तुकडा माझा नव्हता."

"कुठला?"

"तुम्ही माझा म्हणालात तो. माझा पहिला होता. तुम्ही धाकटीचा म्हणालात तो."

"अहो!" थोरली ओरडली. "वेड लागलंय का तुम्हाला? बाबा, त्यांना वेड लागलंय."

"आणि दुसरा माझा," धाकटी म्हणाली. हात सिलिंडरच्या चावीवर, तोही तिनं सोडला नाही. "भावोजींसारखा घातला मी. मुद्दाम."

बाबांनी दोन्ही तुकडे चाचपडत उचलले. एक या हातात, एक त्या हातात. मग आत्या हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड उघड, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"आत्या, हसण्यासारखं काय आहे यात?" धाकटा वैतागला.

"रडण्यासारखंच आहे रे, म्हणून हसते. दादा, ऐकतोयस ना? ही तुझीच करणी. आपल्या बापाची खोड तू जशीच्या तशी उचललीस. चूक काढायची तोंडावर आणि कौतुक करायचं दुसऱ्याजवळ. तोंडावर वाखाणलं की हात फुगतो म्हणे! आठवतं का, आपल्या मधल्या भावाला ते रोज तुझं कौतुक ऐकवायचे आणि तुला मधल्याचं? शेवटी मधला घर सोडून गेला. त्याला जन्मभर वाटत राहिलं की बापाला तो नकोसा होता. आणि तुला काय वाटायचं तेही सांगू का सगळ्यांसमोर?"

"नको," बाबा म्हणाले.

थोरल्याचा हात अजून टॉर्चवरच होता. "तुला काय म्हणाले होते?" त्यानं मान न वळवता धाकटीला विचारलं.

"सांगू, बाबा?"

बाबांनी दोन्ही तुकडे छातीशी धरले.

"म्हणाले, तुझा सांधा देखणा आहे, पण आत दिवा घालून बघावा लागतो. थोरल्याच्या सांध्यावर लेकराबाळांना बसवावं आणि डोळे मिटावेत." तिनं बाबांच्या अंगठ्याकडं बघितलं. "रोज कुणालातरी दिवा घालून बघायला लावायचे हो माझा! रोज! आणि तुमच्यावरून असा अंगठा जायचा... विश्वासानं. मला तसा जायला हवा होता."

आता खरं तर थोरल्याला गहिवरून यायला हवं होतं. जन्मभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य समोर आलं होतं. पण मनाची घडण बघा, त्याला आधी राग आला. ते वाक्य त्याचं होतं. त्याच्या नावचं. आणि इतके दिवस ते हिच्यापाशी होतं! हिनं ते उशाशी घेऊन झोपावं, त्यावर जळावं, आणि ज्याचं आहे त्याला पत्ता नसावा.

"मला म्हणाले होते," तो दात आवळून म्हणाला, "धाकटीच्या हाताला देवानं ताल दिलाय."

"कधी?"

"झाले की पुष्कळ दिवस."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू सांगितलंस?"

हिशेब चुकता होता, पण दोघांनाही आपलंच जास्त गेलंय असं वाटत होतं.

धातू निवला. थोरल्यानं हात उचलला, मुखवटा वर केला आणि बोटभर सांध्याकडं वाकून पाहिलं. चांदीसारखा होता. डाग नव्हता. पण त्या लहरी कुणाच्याच नव्हत्या; थोड्या त्याच्या, थोड्या तिच्या, मध्येच एक लंगडी.

"मग आता कोण?" धाकट्यानं विचारलं. "बाबा, कोण घालणार?"

"मला विचारू नका," बाबा म्हणाले. दोन्ही तुकडे त्यांच्या हातातच होते. "माझा अंगठा आज खोटा ठरला. तुमचं तुम्ही बघा."

थोरलीनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. बसून राहा, असं ती डोळ्यांनी सांगत होती. स्टुलावर तू आहेस. तू थोरला आहेस. कोण उठवतंय तुला?

कुणीच उठवत नव्हतं. हेच तर अवघड होतं.

घाट उतरणारी ती बाई त्याच्या डोळ्यांसमोर आली. उतारावर वळण घेताना सगळं वजन या पोटावर येतं. ती डोळे मिटून विश्वास टाकणार. आणि त्याचा हात आज त्याचा नव्हता. चार दिवसांनी होईल, महिन्यानं होईल, पण आज नव्हता. तिचा होता. तिनं त्याची नक्कल तुकड्यापुरती केली होती. तिचा ताल तिच्याजवळ शाबूत होता. त्यानं मात्र स्वतःचं घर विकून शेजाऱ्याची भिंत विकत घेतली होती.

तो उठला.

"ये," तो धाकटीला म्हणाला. "बस."

थोरलीनं हातमोजे काढून बाकावर आपटले आणि ती शटरखालून वाकून बाहेर गेली. कुणी तिला थांबवलं नाही.

"भावोजी, आज बसले की कायमचं," धाकटी हळू म्हणाली. "परत मागता येणार नाही. मी देणार नाही."

"ठाऊक आहे."

"आणि तुमचा बोटभर?"

"त्याच्यावरून तुझी काडीची दुसरी फेरी जाईल. झाकून जाईल माझा. पण तुझ्यासारखा घाल, माझ्यासारखा नको. आत दिवा घालून बघावा लागला तर लागू दे, मी बघीन."

ती बसली. स्टुलाचा खोलगटपणा तिलाही मोठाच झाला. तिनं मुखवटा खाली घेतला, आणि मग स्प्रिंग कुरकुरू लागली. दोनदा हलकी, एकदा विसावा. ज्याचं त्याच्या घरी पोचलं की आवाजसुद्धा कसा वेगळा येतो! थोरला आतल्या वायूच्या नळीवर हात ठेवून उभा राहिला. एकेक लहर उमटत होती आणि प्रत्येक लहरीला त्याच्या काळजात काहीतरी टोचत होतं. टोचत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. हात मात्र त्यानं नळीवरून हलवला नाही.

पहिली बाजू झाली. ठिणगी विझली. धाकटीचा हात तसाच स्थिर राहिला, वायूची हिस्स चालू.

"कसा झालाय?" बाबांनी विचारलं. आज पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचा अंगठा पुढं केला नाही.

थोरल्यानं वाकून पाहिलं. चूक होती. एकच. ती त्यानं सांगितली. "शेवटच्या वळणाला घाई झाली." धाकटीचे खांदे किंचित खाली गेले. तिला उठून जाता येत नव्हतं, हात धातूवर होता. पुढचे शब्द काढायला त्याला जितका वेळ लागला तितका वेळ कारखान्यात दुसरं काही हललं नाही.

"बाकी..." तो म्हणाला, तिच्या तोंडावर, सगळ्यांसमोर, "बाकी मला हा जमला नसता."

आत्यानं बाबांचं कोपर धरलं. बाबांची मान खाली गेली होती.

मुखवट्याच्या आतून आवाज आला. "दुसरी बाजू तुम्ही घालता?"

"छे. एका पोटात दोन हात नकोत, चौकट ओढली जाते. तूच घाल." त्यानं कोपऱ्यातला एक खोका पायानं ओढला, तिच्या शेजारी, अगदी जवळ आणला आणि त्यावर बसून आपला मुखवटा डोक्यावर चढवला. "मी इथं बसून बघणार. आता उघड बघणार. तू काडी ज्या हातानं सारतेस तो नेहमी खांद्याआड जातो. तो मात्र आज लपवू नकोस."